अठ्ठेचाळीसची फाइल

विश्वास ठेवा, नका ठेवू... यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

माझा आतेभाऊ रघुनाथ. तमिळनाडूत कुंभकोणमला, मेलकावेरी भागात, राहत्या घरातच त्याचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. गेल्या मार्गळी महिन्यातली, डिसेंबरातली गोष्ट. शुक्रवार, दुपारचे तीन.

घरात तो एकटाच. थोरली बहीण सुंदरीअक्का जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. बाहेर सगळा कारभार तमिळमध्ये. घरात आमची तंजावरी मराठी बोलायला त्याला तेवढी एकच होती. बिचाऱ्याच्या घरात वर्षभर मराठी शब्द उमटला नव्हता.

वर्षश्राद्धाला गोविंदपुरम्‌ची भजनमंडळी अक्काचं भजन ऐकणार होती. तिचं एकुलतं एक रेकॉर्डिंग रघुनाथने उघडलं.

आवाज आला तो जाड... ओढलेला.

चूक त्याचीच. रेकॉर्डिंग करताना सेकंदाचे अठ्ठेचाळीस हजार तुकडे, आणि इथे सेटिंग चव्वेचाळीस हजार शंभरचं. म्हणून गाणं संथ, स्वर खाली. पंचवीस वर्षं या धंद्यात घालवून शिकाऊ पोरासारखी चूक केली होती. दोन क्लिकचं काम.

त्याने माउसला हात लावला. आणि दोन कडव्यांमधल्या शांततेत...

"रघू, जेविलास कीं?"

अक्का.

टाळ संथ, गाणं संथ. हा एकच आवाज मात्र जसाच्या तसा.

त्याने पडद्यावर पाहिलं. तिथे आवाजाची रेघ सपाट होती.

त्याने हेडफोन काढला...

"सांग कीं रे."

घाबरायला हवं होतं. तो रडला. "जेविलों, अक्का," म्हणाला. खोटंच.

पुढे रोज तीनला तो तेच चुकीचं सेटिंग लावून बसायचा. अक्का यायची. भात मऊ झाला का, विचारायची.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी भजनमंडळीतल्या तुकोजीरावांचा फोन आला. "रघुनाथा, भजन कधीं देतोस रे? सकाळीं लागेल."

जिने जन्मभर सूर ढळू दिला नाही, तिला असं बेसूर ऐकवायचं? रघुनाथने बराच वेळ हात चोळले. मग अठ्ठेचाळीस निवडलं.

अक्काचा खरा आवाज घरभर झाला. कडव्यांमध्ये नुसती शांतता.

मग पाठीमागे, दाराशी...

"येतें रे."

त्यानंतर त्याने कितीदा चव्वेचाळीस लावून पाहिलं. काही नाही.

आमच्यात घराबाहेर पडताना कुणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतात. अक्काला इस्पितळात नेलं त्या घाईत तिचं तेवढं म्हणायचं राहून गेलं होतं.

तेव्हापासून रघुनाथ दाराला कडी घालत नाही.

मध्यंतरी मी माझ्या गावाहून, पट्टीश्वरम्‌हून, त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. निघताना उंबऱ्यातून सवयीने म्हणालो, "येतो."

"ये," उत्तर आलं.

रघुनाथ मागच्या अंगणात हात धूत होता.

'येतो' म्हणून निघालो खरा... अजून पुन्हा तिकडे गेलेलो नाही.