एकटा वरवंटा

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. यात मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. दामोदरमामा माझे सख्खे मामा. थाप मारणं त्यांना जमतच नाही, बाजारातसुद्धा जमलं नाही.

साल १९९६. डिसेंबर. ठिकाण बंगलोर, येलहंक्याचं मामांचं बैठं घर.

आणि रात्र नव्हती.

भर दुपारी घडलं हे. भुतं अंधारातच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी दुपारी तीन वाजता एखाद्या निजलेल्या घरात एकटं बसून बघावं.

मामा मूळचे निपाणीचे. बंगलोरला ज्या कारखान्यात नोकरीला होते तो बंद पडला, तेव्हापासून लोकांचं जुनं सामान घ्यायचं आणि चार पैसे ठेवून विकायचं, हाच धंदा. सकाळी मोपेड काढायची, जयनगरच्या गल्ल्या पालथ्या घालायच्या. जिथं जुनं घर पाडायला काढलंय, दारात टेम्पो लागलाय, तिथं बेल दाबायची. "अक्का, काही द्यायचं आहे का?" जाळीचं कपाट, शिवणयंत्र, तांब्याचा बंब. दहा घरं फिरावीत तेव्हा एखाद्या घरात काही हाती लागायचं. गुडघे पार कामातून गेले होते. संध्याकाळी आले की पायरीवरच बसायचे. चपला काढायचंही त्राण नसायचं.

त्यात घरात सुखदा.

मामांची एकुलती एक लेक. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा सातव्या महिन्यात सगळं संपलं. आता तिसरी खेप. माहेरी आली होती, आठवा लागला होता. मामी दिवसातून वीस वेळा विचारायची, "बाळ हललं का गं?" सुखदा मान हलवायची, तेव्हा कुठं घरातली माणसं श्वास घ्यायची.

अशातच जयनगरात मामांना चंद्राबाई भेटल्या.

ऐंशीच्या घरातल्या. तीन पिढ्या बंगलोरात गेलेलं मराठी घर. मुलानं जागा विकली होती आणि तो आईला म्हैसूरला नेणार होता. मामांनी कपाट घेतलं, दोन खुर्च्या घेतल्या. निघताना म्हातारीनं मागच्या अंगणात नेलं.

तिथं पाटा होता. काळा, झिजून मधे खोलगट झालेला. त्यावर वरवंटा.

"याचे पैसे नकोत, अण्णा," चंद्राबाई म्हणाल्या. "पण दोघांस वेगळं करू नका. मायलेकरं आहेत ती. माझ्या पाचही लेकरांच्या बारशाला पाळण्यात पहिल्यांदा हाच निजला. कुंची घालून."

"नाही करत हो अक्का. जोडीच देतो बघा की."

"शब्द द्या."

मामांनी दिला. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

दुसऱ्याच दिवशी मंजुनाथ आला. देवनहळ्ळी रस्त्यावरच्या एका नव्या हॉटेलात तो बाग करत होता. बागेतल्या पायवाटेला त्याला जुने पाटे हवे होते.

"वरवंटापण घे," मामा म्हणाले.

"तो नको, अण्णा. वाटेत गोल दगड घालून काय करू? माणसं पडतील."

मामांनी पाट्याकडं पाहिलं. पाटा वीस-बावीस किलोचा. जोडीनं घेणारा शोधायचा म्हणजे तो पुन्हा उचला, पुन्हा बाजारात न्या, पुन्हा आणा. मंजुनाथचा टेम्पो दारात उभा होता.

"सरी, बरं. घेऊन जा," मामा म्हणाले.

लोभ नव्हता. नुसता थकवा होता. मामा आजही हेच सांगतात.

वरवंटा पडवीच्या कोपऱ्यात राहिला.

तिसऱ्या दिवशी मामांनी दुपारी बाहेर पडायचंच टाळलं. गुडघ्याला तेल चोळून ते मधल्या खोलीत पडले होते. मामी झोपली होती. सुखदा आतल्या खोलीत. तीन वाजले असतील.

गर्र...

फरशीवरून काहीतरी घरंगळत होतं.

गर्र... गर्र...

मग थांबलं.

मांजर असेल, म्हणून मामा उठले. पडवीचा कोपरा रिकामा होता. वरवंटा मधल्या दाराशी होता. मामीनंच झाडताना सरकवला असेल, असं मनाशी म्हणून त्यांनी तो परत जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ. तोच आवाज. या वेळी वरवंटा सुखदाच्या खोलीच्या उंबऱ्याला टेकला होता.

मामांनी उचलला...

ओला होता.

"तू हलवलास का गं हा?"

"मी कशाला हलवू?" मामी म्हणाली. "माझ्या कमरेची काय दशा आहे ती ठाऊक नाही का तुम्हाला?"

मामांनी वरवंटा पोत्यात घातला. तोंड सुतळीनं घट्ट आवळलं. पोतं बाहेरच्या न्हाणीघरात ठेवून कडी लावली. उद्या कुणाला तरी देऊन टाकू, असं ठरवलं. पण सकाळी उठून जायचं जिवावर आलं, आणि सकाळ तशीच गेली.

दुपारी तीन वाजता मामा कान देऊन पडले होते.

आवाज नाही.

घड्याळाची टिकटिक नाही. रस्त्यावरून एक रिक्षा गेली नाही. शेजारच्या पवित्राअक्काच्या घरी रोज या वेळी टीव्ही चालायचा, तोही नाही. मामा उठले. ते भिंतीला धरून धरून आतल्या खोलीपर्यंत गेले.

सुखदा कुशीवर निजली होती. तिच्या शेजारी मामीचं जुनं मऊ लुगडं, चारी बाजूंनी दुमडलेलं. त्यात गळ्यापर्यंत गुंडाळलेला...

वरवंटा.

सुखदा त्याला थोपटत होती.

"सुखदा..."

"हळू, आप्पा." तिनं डोळे उघडले नाहीत. "आत्ता कुठं निजलंय. केवढं रडत होतं."

मामा उंबऱ्यातून पुढं झाले.

"आणि हे पोटातलं ना," ती तशीच थोपटत म्हणाली, "सकाळपासून हललंच नाहीय."

तिच्या आवाजात काळजी नव्हती. जराही नव्हती. मामा म्हणतात, त्या दुपारी सगळ्यात जास्त भीती त्यांना याचीच वाटली.

मामीनं टाहो फोडला. पवित्राअक्कानं रिक्षा आणली. दोघींनी सुखदाला धरून बसवलं तेव्हा ती मागं वळून वळून पलंगाकडं बघत होती. रिक्षा दवाखान्याकडं गेली.

मामा न्हाणीघरात गेले. कडी लावलेली. सुतळीची गाठ जशीच्या तशी.

पोतं रिकामं.

त्यांनी वरवंटा लुगड्यासकट मोपेडच्या पुढच्या पिशवीत घातला आणि देवनहळ्ळीचा रस्ता धरला. वाटेत दोनदा थांबून त्यांनी पिशवीवर हात ठेवून पाहिला. दगड ऊबदार लागत होता. उन्हामुळं असेल, ते स्वतःला सांगत राहिले.

बागेत पोहोचले.

पायवाटेत चाळीस पाटे होते. सगळे सिमेंटमध्ये बसवलेले. पाय घसरू नये म्हणून मंजुनाथनं झिजलेली बाजू खाली घातली होती. वरून सगळे सारखे. कुठला चंद्राबाईंचा, कसं ओळखायचं?

मामा गुडघ्यांवर रांगत एकेका दगडावरून हात फिरवत गेले. ते रडत होते, त्यांनीच सांगितलं मला. "माझ्या लेकीचं घेऊ नकोस गं. चुकलं माझं. हे तुझं तू घे."

सगळे दगड कोरडे होते.

एक ओला होता.

मामांनी लुगडं सोडलं आणि वरवंटा त्या दगडावर अलगद ठेवला. हललाही नाही. तिथंच राहिला. मामांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात झारी घेऊन तिथला म्हातारा माळी आला.

"त्याच्यावर बसू नका, अण्णा," तो म्हणाला. "आत्ताच स्वल्प पाणी सांडलंय माझ्याकडून."

मामा त्याच्याकडं बघत राहिले. मग त्या वाटेकडं. अजून वीस-एक दगड पुढं होते. पाय उचलत नव्हते. मनात लेक होती.

ते मोपेडवर बसले आणि दवाखान्यात आले.

सुखदाचं ऑपरेशन झालं होतं. मुलगी झाली होती, चार पौंडांची. आधी रडली नाही, मग रडली. किती वाजता रडली ते मामांनी विचारलं नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, तेवढं त्यांना पुरेसं होतं. ते बाकावर बसून ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी सुखदा शुद्धीवर आली. नर्सनं बाळाला, म्हणजे आताच्या आर्याला, तिच्या कुशीत दिलं. तिनं लेकीचा मुका घेतला. मग दुसऱ्या बाजूची चादर चाचपली.

"आप्पा, दुसरं कुठंय?"

"दुसरं कुठलं गं? एकच झालं," मामी म्हणाली.

सुखदा मामीकडं बघतसुद्धा नव्हती. ती मामांकडं बघत होती.

"आप्पा, तुम्ही नेलंत ना त्याला? त्याच्या आईकडं दिलंत ना?"

मामा "हो" म्हणाले.

आता आर्या मोठी झाली, नोकरीला लागली. सुखदा बरी आहे, हसते, बोलते. पण वर्षा-दोन वर्षांनी कधीतरी, दुपारी, ती हाच प्रश्न मामांना पुन्हा विचारते. मामा दर वेळी "हो" म्हणतात.

मागच्या खेपेला मी समोरच होतो. सुखदा आत गेली.

मग मामा हळूच मला म्हणाले, "बरोबर दगडावर ठेवला असेन का रे मी?"



"त्या पाण्याचं कळल्यावर पुढचे दगड बघायला हवे होते," मामा म्हणाले. "पण फार थकलो होतो रे."