माळ्यावरून गेलेली वायर

जन्मभर टेलिफोनच्या तारा ओढल्या म्हणून सगळे त्यांना तारवाले म्हणत. आणि त्यांच्याच घरात मागच्या खोलीपर्यंत वायफाय पोचत नव्हतं! मुलगा बोटीवर नोकरीला. घरात ते आणि सून. सून त्या खोलीतून मुलांना ऑनलाइन गणित शिकवायची. तास दोनदा मध्येच बंद पडल्यावर शाळेने बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर दुसरी शिक्षिका बघू.

"बाबा, कुणाला तरी बोलवू या?"

"का? मी मेलोय का?"

रविवारी दुपारी त्यांनी कपाटामागे कोंबलेला राउटर बोळात उंचावर टांगला. अडगळीतला जुना राउटर मागच्या खोलीत ठेवला. विकत आणली ती फक्त दोन्ही राउटर जोडणारी वायर. शिडीवर उभं राहून त्यांनी ती काठीने बुटक्या माळ्यात सरकवली. बाहेर आभाळ भरून आलं होतं. आतून ओलसर लाकडाचा वास येत होता.

"सापडलं टोक? ओढ गं!" त्यांनी मागच्या खोलीच्या दिशेने हाक दिली.

वायर सरकू लागली. सावकाश, एका लयीत, कुठेही न अडकता. असा हात तयार करायला शिकाऊ उमेदवारांची वर्षं जायची. तारवाल्यांचा ऊर भरून आला.

"शाब्बास, पोरी!"

उत्तरादाखल वायरीला तीन हलके झटके बसले... खांबावरची माणसं 'पोचली' म्हणून द्यायची, तसे.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. सून पिशवी घेऊन आत आली.

"कुणाशी बोलताय, बाबा?"

मागच्या खोलीत छताच्या भोकातून वायरीचं टोक खाली लोंबत होतं.

सोमवारी तास एकदाही अडखळला नाही. "हे आमच्या बाबांनी केलंय," सून पडद्यावरच्या मुख्याध्यापिकेला अभिमानाने म्हणाली. दारात उभे तारवाले ताठ झाले, पण अर्धं कौतुक दुसऱ्याचं होतं, हे त्यांना खात राहिलं.

ते बॅटरी घेऊन माळ्यात रांगत शिरले. हातहातभर अंतरावर काळ्या कापडी पट्टीने वायर तुळईला बांधलेली होती. गाठी सुबक, पक्क्या. त्यांनाही जमल्या नसत्या अशा. धुळीवर मात्र फक्त त्यांच्या आत्ताच रांगलेल्या गुडघ्यांच्या खुणा.

"काम झकास आहे हं..." ते पुटपुटले.

वायर भोकातून खाली गेली होती. पट्ट्या तिथे थांबल्या नव्हत्या. रिकाम्या, पुढच्या वायरीसाठी बांधून तयार, एकामागून एक त्या पुढे जात होत्या... घराची मागची भिंत जिथे संपायला हवी होती, त्याच्याही कितीतरी पलीकडे.