पाणजुव्याच्या लेकी

ही गोष्ट २०४७ सालची. त्या वर्षी पाणजुवा बेटावरच्या अभयारण्यात उधाणाचं पाणी कासवांच्या घरट्यांत शिरलं. पूर्वी तिथे केवड्याची बनं होती आणि घरट्यांवर पाय पडू नये म्हणून माणसं पाण्यातून चालत. आता बेटच बुडत होतं.

कासवाची मादी जन्मल्या किनाऱ्यावरच अंडी घालायला परतते. तिथल्या चुंबकत्वाची खूण तिच्या मेंदूत उमटलेली असते. जीवशास्त्रज्ञ मृण्मयी तोरसकरने त्यावरून खूणपेटी बनवली. पेटीत अंडी उबवताना दुसऱ्या किनाऱ्याचं चुंबकत्व निर्माण होई आणि पिल्लं तोच किनारा आपला मानत. तिने दूर दक्षिणेचा, करमळीचा किनारा निवडला.

करमळीत समुद्रालगतचं पहिलं घर द्वारकाकाकी केळुसकरांचं. ते वाचवायला बंधारा मंजूर झाला होता, दगडही येऊन पडले होते. पण बंधारा झाला की वाळू जाणार आणि कासवांना जागा उरणार नाही. हे सांगायला मृण्मयी आली, तेव्हा पिल्लं समुद्रात गेलीसुद्धा होती.

"लगीन लावून झाला, नि आता विचारूक इलंस?" काकी म्हणाल्या.

"अंडी थांबत नाहीत, काकी. पण चुकलंच माझं."

"कधी येतली ती?"

"पंधरा वर्षांनी."

"तवसर मी खंय असतंय? माज्याकडसून होकार बरो मागतंस."

मुलगा गुरुनाथ उसळला. "आये, बापाशीन बांधलेला घर ता. कासवांसाठी मोडूचा?"

काकींनी बंधाऱ्याच्या दगडांकडे पाठ फिरवली.

"त्यांका आता वाट बदलूक येवची नाय, गुरू. आपल्याक येता. घराचे चिरे काढ, वर टेंबावर नेऊया."

 तिसऱ्या दिवशी गुरुनाथने पहार उचलली.

पाणजुवा २०५४ मध्ये बुडालं. काकी टेंबावर, टेकडीच्या माथ्यावर पुन्हा उभारलेल्या घरात आणखी सहा वर्षं जगल्या. मृण्मयी निवृत्त होऊन करमळीतच राहिली. पहिली मादी २०६२च्या थंडीत आली. तिच्या मागे गुरुनाथ वाळूत गुडघ्यांवर बसून होता.

आता त्या वाळूवरही उधाण चढतं. खूणपेटी पुन्हा काढली आहे आणि गुरुनाथ नवा किनारा शोधत गावोगाव फिरतो आहे. समुद्रासाठी आपलं घर मागे घेईल, असं माणूस त्याला कुठल्या गावात भेटेल?