सहा वाजून सात मिनिटांचं गिऱ्हाईक

"चोर कोण ते मला माहीत आहे," सुखदा अभ्यंकर म्हणाली. "मला फक्त पुरावा हवाय."

पद्मनाभ चंदगडकरांनी समोरच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली. बंगळूरच्या बसवनगुडीत कॉफीपूड दळणाऱ्या दुकानाच्या वर त्यांची खाजगी तपासाची कचेरी होती. खाली गिरणी चालू असली की गिऱ्हाइकाला दोनदा बोलावं लागे.

"चोर माहीत असेल तर पोलिसांकडे जा. इथे ठाऊक नसलेलेच चोर चालतात," ते म्हणाले.

कोपऱ्यात रघुजी हसले. तीस वर्षं पोस्टात पत्रं वर्गवार लावून निवृत्त झालेले हे गृहस्थ पद्मनाभांचे सोबती. ईमेल म्हणजे तिकीट चुकवण्याची युक्ती, असं त्यांचं पक्कं मत होतं.

सुखदा पुण्याची. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे शहाण्णव साली, नोकरीसाठी बंगळूरला आली. पहिले सहा महिने ऑफिसबाहेर कोणाशी मराठीत बोलायला मिळालं नाही, तेव्हा तिने 'शुक्रवारची चिठ्ठी' सुरू केली. दर शुक्रवारी ईमेलने मराठी मंडळींना चार बातम्या आणि खाली छोट्या जाहिराती: खोलीत जोडीदार हवा, खाट विकणे आहे, कुकर विकणे आहे. आता चिठ्ठी चारशे तीस जणांकडे जात होती.

"जाहिराती कशा गोळा करता?"

"मंगळवारपर्यंत येतात. बुधवारी छापून मुग्धाला देते, ती चुका काढते. शुक्रवारी सहाला मी घरून पाठवते. बटण दाबायचं आणि स्वयंपाकाला लागायचं."

"मग चोरी कसली?"

"तीन महिने झाले, चांगली वस्तू आली की लोक फोन करेपर्यंत विकलेली! शार्दूल, उदय, विनायक, यशवंत, सगळे ओरडतायत. मी जाहिराती आधीच कुणा दलालाला दाखवते म्हणे. जाहिराती देणारे कमी झाले. असंच चाललं तर चिठ्ठी महिनाभरात बंद."

"सगळ्यांना ती सहालाच मिळते?"

"हो तर. माझी प्रत ऑफिसच्या पत्त्यावर येते. तिथे आमचे पत्ते आडनावाने आहेत. सोमवारी बघते, वेळ सहा वाजून एक मिनिट."

"आणि चोर?"

सुखदाने मान खाली घातली. "मुग्धा. आधी जाहिराती बघणारी ती एकटीच. गेल्या अंकात मी छापलं, की जाहिराती फुटत होत्या म्हणून मुद्रितशोधक बदलला आहे."

"चारशे तीस जणांना?"

"हो." तिचा आवाज बारीक झाला. "या शहरात माझी ती एकच मैत्रीण होती, सर. खरं काय ते मला कळायलाच हवं. ती तशी नसेल तर मी काय करून बसले?"

खाली गिरणी थांबली होती, त्यामुळे हे वाक्य तिला दोनदा बोलावं लागलं नाही.

मुग्धा दोन बसस्टॉप पलीकडे राहत होती. तिने दार उघडलं, पण बसा म्हणाली नाही.

"बुधवारी कागद येतो, रात्री वाचून परत देते. यात फोडायचं काय?"

"सुखदाबाईंनी तुम्हाला विचारलं नाही?"

"विचारलं असतं तर भांडले असते आणि मिटलं असतं. तिने छापलं." तिचे डोळे भरून आले, त्याचा तिला रागही आला. "आता ती फोन करते, मी ठेवून देते. शुक्रवारी संध्याकाळी तिचा फोन आठपर्यंत कधी लागायचा नाही. मी आपली जिना चढून जायचे. आता कशाला जाऊ?"

जिना उतरताना रघुजी म्हणाले, "अण्णा, बाई खरी वाटते. पण कागद तिच्याच हातात असतो ना?"

"स्वल्प थांबा, रघुजी."

चिठ्ठी पाठवण्याचा प्रोग्राम ध्रुवने लिहिला होता. तो इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला होता आणि मित्र मागतील त्याला फुकट प्रोग्राम लिहून देत असे.

"साधा आहे हो, सर. यादीतला एक पत्ता घ्यायचा, मेल पाठवायचा, मग पुढचा. यादी सुखदाची. तिने ती शाळेच्या हजेरीसारखी लावलीय, इंग्रजी अक्षरांप्रमाणे."

"तुम्ही जाहिराती आधी बघता?"

"मी नंतरही बघत नाही. मला खाट नको, मला झोप हवीय."

त्याने वर्षभराच्या जुन्या अंकांचे कागद मात्र दिले. परतीच्या बसमध्ये रघुजींनी ते वाचून काढले आणि एकदम हसायला लागले.

"हे बघा, कोण हा अजित! अमेरिकेला चाललाय. खाट विकणे, टेबल विकणे, आणि खाली लिहितो, 'कॉम्प्युटर विकायचा नाही'. न विकायची वस्तू जाहिरातीत घालणारा हा पहिलाच!"

पद्मनाभांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

वस्तू विकणाऱ्यांपैकी बहुतेक जण अमेरिकेला निघून गेले होते. शहरात उरली होती एकटी प्रतिमा. तिच्या खोलीत दोन बॅगा आणि एक चटई, एवढंच शिल्लक होतं.

"गेल्या शुक्रवारी सहा वाजून सात मिनिटांनी फोन आला. 'आत्ताच आलं, वाचलं' म्हणाले. वयस्कर गृहस्थ, निपाणीकडचं मराठी. खाट आणि कॅरम घेतला."

"घासाघीस?"

"मुळीच नाही. दीड तास बसले, दोनदा चहा घेतला. माझं सगळं विचारलं. नाव विचारलं तर म्हणाले, नावाचं काय करतेस, चहा दे. जाताना म्हणाले, तिकडे गेलीस की घरी दर शुक्रवारी पत्र लिहीत जा. टेम्पोवाल्याला कानडीत पत्ता सांगितला, गांधी बझारच्या मागचा."

"शुक्रवारच्या आधी कोणी फोन केला होता? बुधवारी, गुरुवारी?"

"कोणीच नाही."

"सरी, ठीक आहे," पद्मनाभ उठले. "सुटलं."

"काय सुटलं?" रघुजींनी विचारलं. त्यांना वाटलं, बस सुटली.

गुरुवारी संध्याकाळी पद्मनाभांनी सुखदाला आणि रघुजींना गांधी बझारमागच्या एका बैठ्या घरात नेलं. सत्तरीच्या एका गृहस्थांनी दार उघडलं. बाहेरच्या खोलीत अकरा खाटा होत्या, दहा भिंतीला टेकवून उभ्या आणि एक आडवी. चार कॅरम, सहा कुकर. कोपऱ्यात झालर लावलेल्या कापडाखाली एक कॉम्प्युटर.

"हे कृष्णाजी. तुमचं सहा वाजून सात मिनिटांचं गिऱ्हाईक," पद्मनाभ म्हणाले.

सुखदा खाटा मोजत राहिली. "यांना जाहिराती कोणी दिल्या?"

"तुम्ही. मुग्धाबाईंचा विचार करा. त्यांच्या हातात कागद बुधवारीच असतो. त्यांनी तो फोडला असता तर दलालाने बुधवारीच फोन केला असता. शुक्रवारी सहापर्यंत कशाला थांबेल? पण प्रतिमाला एकही फोन सहाच्या आधी आला नाही. म्हणजे माणूस तुमचा साधा वाचक. शिवाय दलाल घासाघीस करतो, दोन कप चहा घेत दीड तास बसत नाही."

"पण सगळ्यांना एकाच वेळी..."

"एकाच वेळी नाही! ध्रुवचा प्रोग्राम एकामागून एक पाठवतो. चारशे तीस मेल, एका फोनच्या तारेवर. म्हणून तर तुमचा फोन आठपर्यंत गुंतलेला असतो. यादी इंग्रजी अक्षरांप्रमाणे. तुमचा ऑफिसचा पत्ता अभ्यंकर नावाने, म्हणून तुमची प्रत पहिल्या मिनिटात. त्यावरून तुम्ही समजलात, सगळ्यांना सहाला मिळते. आता तक्रारदार आठवा. शार्दूल, उदय, विनायक, यशवंत. सगळे यादीच्या शेपटाचे. त्यांना मिळते पावणेआठला. पहिल्या बाकावरच्या एकानेही तक्रार केलेली नाही."

रघुजींनी कपाळावर हात मारला. "पोस्टातही शेवटच्या पिशवीवाले असेच शिव्या द्यायचे, अण्णा! मला कसं सुचलं नाही?"

"आणि सुरुवातीच्या नावांत एक अजित होता. वर्षापूर्वी अमेरिकेला गेलेला, कॉम्प्युटर न विकलेला. बंगळूरच्या खाटा त्याला तिकडे कशाला हव्यात? कॉम्प्युटर मागे ठेवला तो कोणासाठी? त्याच्या जुन्या जाहिरातीत याच घराचा फोन होता."

कृष्णाजी इतका वेळ उभेच होते. आता ते एका खाटेच्या कडेला टेकले.

"पोरगं म्हणालं, अप्पा, दर शुक्रवारी सहाला लिहीन. माझाच पत्ता वापरा, मशीन शिकवून ठेवतो. पहिले काही महिने लिहिलं बी. मग काम वाढलं असंल त्याचं. मी आपला शुक्रवारी लावून बसतो. सहाला टुंग वाजतं. मला वाटतं, आलं! बघतो तर तुझी चिठ्ठी, बाळ. मग त्यातली पोरं दिसतात, उद्या-परवा चाललेली. म्हटलं, जायच्या आधी एकाशी तरी बोलावं. रिकाम्या हातानं कसं जायचं? म्हणून खाट." ते थांबले. "माझ्यामुळं कुणावर आळ आला काय?"

अकरा खाटांच्या खोलीत बसायला जागा असूनही सुखदा भिंतीला धरून उभी राहिली. तिलाही याच एकटेपणातून चिठ्ठी सुचली होती, आणि त्याच चिठ्ठीने तिने आपलं एकमेव माणूस घालवलं होतं.

"यादीचा क्रम ध्रुव पुढच्या आठवड्यापासून बदलून देईल," पद्मनाभ हळूच म्हणाले. "बाकीचं मला येत नाही. जे चारशे तीस जणांना सांगितलंत, ते तितक्यांनाच परत सांगा."

शुक्रवारी चिठ्ठीत बातम्यांच्या वर तिने लिहिलं: "जाहिराती कोणीही फोडल्या नव्हत्या. चूक माझी होती. मुग्धा, मी तुला न विचारता छापलं. माझं चुकलं." जाहिराती दोनच होत्या. पहिली: "अकरा खाटा, विनामूल्य. रविवारी चहाला या. कृष्णाजी." दुसरी: "मुद्रितशोधक हवा. जुनाच."

सहाला तिने बटण दाबलं. या खेपेला ती स्वयंपाकाला गेली नाही. पडद्यावर एकेक पत्ता सरकताना बघत बसली. सहा वाजून दोन मिनिटांनी अजितचा गेला. गांधी बझारमागे आत्ता टुंग वाजलं असेल, हे तिला कळत होतं. साडेसहा झाले तरी जी, एच चालू होतं. किती वेळ लागतो हा, तिला वाटलं, आणि दीड वर्ष मी भाजी चिरत होते.

सातला मुग्धाचं नाव आलं आणि गेलं.

फोन वाजणं शक्यच नव्हतं. तार गुंतलेली होती. सव्वासात झाले. शार्दूलचा पत्ता यायला अजून अवकाश होता.

सात वाजून वीस मिनिटांनी जिन्यावर चपलांचा आवाज आला. सुखदाने बेल वाजायची वाट पाहिली नाही.