चुकलेलं रुईफूल

दाराला आतून कडी, मांडीवर पसरलेली जांभळी इरकल साडी, आणि लताच्या हातात उघडलेली कात्री... लातूरच्या त्या तीन खोल्यांच्या घरात भर दुपारी काही अघटित घडायला निघालं होतं!

"काकू, नको गं!" भिंतीला पाठ लावून बसलेली मृण्मयी डोळे पुसत म्हणाली. "आईला कळलं तर तुला घरातून काढील. मी जातच न्हाई क्लासला. घरी बसून वाचते."

"घरी बसून कोण डॉक्टर झालंय?" लता म्हणाली. "आन् घरी तरी कुठं बसून राहिलीस? सकाळी वह्या घेऊन निघतेस, देवळाच्या ओट्यावर बसतेस आन् परत येतेस. मला काय कळत न्हाई होय?"

मृण्मयीनं मान खाली घातली. ती लताच्या मोठ्या जावेची, राजश्रीची, एकुलती एक लेक. अकरावीला गेली तशी तिला गावातल्या मोठ्या क्लासला घातली होती, आणि तिचे वडील माधवराव यांच्या मास्तरकीच्या पगारात क्लासची फी भरल्यावर कपड्यांचं नाव काढायची सोय उरली नव्हती. क्लासमध्ये गावोगावच्या पोरी, रोज नवी नवलाई. मृण्मयीचे मात्र तेच दोन-तीन ड्रेस फिरून फिरून येत. बाकावरच्या पोरी तिच्या अंगावरचा ड्रेस बघून वार ओळखायला लागल्या. "आज पिवळा, म्हणजे मंगळवार!" हसण्यानं कुणी मरत नाही म्हणतात, पण सोळाव्या वर्षी ते खरं वाटत नाही. पोर क्लासच्या दारापर्यंत जाई आणि मागे फिरे.

आणि म्हणून लतानं आज पेटी उघडली होती. उघडणार नाही अशी शपथ घेतलेली पेटी!

लताचा नवरा श्रीनाथ औसा तालुक्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर होता. लग्नाला दीड वर्षही झालं नव्हतं. गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाट व्हायच्या आत जमीन हलली... लताला खाटेखालून जिवंत काढलं. श्रीनाथला काढलं, एवढंच म्हणायचं. मागाहून जवानांनी ढिगारा उपसताना तिची पत्र्याची पेटी बाहेर काढली. पेटीला पोचे पडले होते, पण कुलूप शाबूत होतं. ती पेटी उराशी धरून लता जेव्हा मोठ्या दिराच्या दारात आली, तेव्हा राजश्रीनं उंबऱ्यातच हात आडवा केला होता.

"तू ये. पण ही पेटी भूकंपाची हाय. असलं अपशकुनी कापड माझ्या घरात उघडायचं न्हाई. ज्या दिवशी उघडशील, त्या दिवशी किनवटची गाडी धर!"

किनवटला लताचं माहेर. आई-वडील गेलेले, भावजयांचं राज्य. पण जायची भीती त्याची नव्हती... उंबऱ्याआडून पाच वर्षांच्या मृण्मयीनं तेव्हा आपली इवलीशी करंगळी लताच्या मुठीत दिली होती आणि त्या क्षणापासून लताचा जीव त्या करंगळीला बांधला गेला होता. पेटी खाटेखाली गेली, आणि लता करड्या, राखी साड्यांत या घराची झाली. तिच्या हातचं पाणी राजश्री घेई, पण तिच्याकडे मान वर करून बघत नसे. ते न बघणं लता मुकाट सोसत आली होती.

आज राजश्री उदगीरला लग्नाला गेली होती. लतानं इरकलीचा तांबडा रेशमी पदर आधी जोडाशी उसवून अलगद वेगळा केला. तो कापायला हात धजेना. श्रीनाथनं तो पहिल्या सणाला तिच्या डोक्यावरून सारखा केला होता. तिनं त्याची घडी घालून ती पेटीच्या तळाशी ठेवली. मग काठ उलगडला. पांढऱ्या रुईफुलांची अखंड रांग, आणि त्यात एकच फूल पिवळं! विणकराचा धागा तिथं चुकला होता. लग्नाचा बस्ता बांधताना दुकानदार म्हणाला होता, "बाई, दुसरी दाखवतो." तेव्हा हीच राजश्री हसत म्हणाली होती, "हीच द्या. नव्या नवरीला आपसूक तीट लागली!"

लतानं डोळे मिटले. "माफ करा हं..." ती पुटपुटली. कुणाला, ते तिचं तिलाच ठाऊक. आणि कर्रकन कात्री चालली.

संध्याकाळपर्यंत हातमशीनवर कुर्ता उभा राहिला. काठ गळ्याभोवती, आणि ते पिवळं फूल बरोबर गळ्याच्या मध्यावर. खाली मृण्मयीची शाळेतली पांढरी सलवार, खांद्यावर पेटीतल्याच शेवाळी साडीची ओढणी. पोर आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःलाच वळून वळून बघायला लागली. लताही बघत राहिली. कापड तेच, सलवार तीच, पोरगी तीच... मग हे तेज आलं कुठून?

ही विद्या तिला कुणी शिकवली नव्हती. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडांपुढे देशभरातून ट्रक आले, जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग. लुगड्यातल्या म्हाताऱ्यांच्या हाती कोट आले, बाप्यांच्या हाती बायकी स्वेटर. सगळं गमावलेली माणसं वर सोंगं दिसायच्या लाजेनं शेडबाहेर पडेनात. तेव्हा कपाळ कोरं झालेली ती विशीतली पोर ढिगाशी जाऊन बसली होती. याला हे, त्याला ते, ह्याची बाही त्याला. संध्याकाळी नागुबाई नावाची म्हातारी नातीला समोर उभी करून म्हणाली होती, "बया बया! माणसात आलं की गं लेकरू!" त्या दिवशी लताला पहिल्यांदा उमगलं की उघडं अंग कापडानं झाकतं, पण माणूस उभं राहतं ते मेळ बसल्यावर.

आता तो मेळ मृण्मयीच्या वाट्याला आला. माधवरावांचा जुना पांढरा शर्ट एक दिवस हरवला आणि लेकीच्या अंगावर सापडला, कमरेला मोतिया साडीच्या काठाचा पट्टा बांधलेला. त्यांनी ओळखला, गालातल्या गालात हसले आणि गप्प बसले. एकच सलवार कधी कुर्त्याखाली, कधी शर्टाखाली. एकच ओढणी आज खांद्यावर, उद्या गळ्यात, परवा जाकिटाचं अस्तर होऊन. बाकावरच्या पोरींना वार ओळखता येईना! घरात इतके कपडे आहेत तरी किती, म्हणून त्या चक्रावल्या आणि एका रविवारी, राजश्री कीर्तनाला गेलेली पाहून, हॉस्टेलच्या चार पोरी आपापल्या बॅगा घेऊन लताच्या दारात हजर!

"काकू, आमच्याकडं काहीच कपडे न्हाईत."

"हायेत. तुम्हाला दिसत न्हाईत," लता म्हणाली, आणि बॅगा खाटेवर उलट्या केल्या. मग तिचे हात फिरायला लागले. हिमायतनगरहून आलेली राधिका टाकून द्यायला निघाली होती तोच टॉप लतानं उलटा करून दुसरीच्या ओढणीशी धरला आणि पोरींनी एकदम श्वास रोखला.

"एक ध्यानात ठेवा," लता म्हणाली. "तांबड्याशेजारी राणी रंग कधी घालायचा न्हाई. एका चुलीवरच्या दोन जावा हायेत त्या. जन्मभर भांडत्यात."

पोरी खदाखदा हसल्या. लता हसली नाही.

राजश्रीला सांगितलं होतं की हे कपडे लताच्या किनवटच्या वहिनीनं धाडले. राजश्री इतकी भारावली, की तिनं त्या वहिनीला डबाभर कुरडया पाठवल्या, आणि कशाबद्दल आल्या ते न कळून वहिनी बिचारी बुचकळ्यात पडली. इरकलीच्या कुर्त्याचं मात्र भय होतं. घरातून निघताना मृण्मयी ओढणी गळ्याशी पिन करून घेई आणि क्लासला गेल्यावर काढी. काठ झाकलेला राहिला. बारावी सरली, परीक्षा झाली...

आणि मृण्मयीचा मेडिकलला नंबर लागला! क्लासमध्ये ती मुलींत पहिली आली होती. माधवराव घरभर नुसते फिरत होते. "चौकात बोर्ड लागलाय लेकीचा," शेजारच्या सरजाबाईंनी ओरडून सांगितलं, आणि सगळं घर रिक्षात बसून चौकात गेलं.

रिक्षातून उतरून लतानं वर बघितलं.

दुमजली इमारतीएवढा फलक! त्यावर हसणारी मृण्मयी. आणि गळ्याशी... क्लासमध्ये फोटो काढताना ओढणी कुठली असायला! जांभळी इरकल, परातीएवढी पांढरी रुईफुलं, आणि मध्यावर पिवळं, झळझळीत, उन्हात पेटल्यासारखं ते एकच चुकलेलं फूल. खाली रस्त्यावर भाजीवाले, रिक्षावाले, क्लासला निघालेली पोरं माना वर करून बघत होती. लताला वाटलं, ढिगाऱ्याखालून निघालेलं आपलं सारं आयुष्यच कुणीतरी उचलून आभाळाला टांगलंय. भीती तर होतीच, पण त्या भीतीवरही मात करणारं काहीतरी तिच्या उरात दाटून आलं. एवढं मोठं, एवढं सुंदर होतं हे? आपण तर नुसती कात्री चालवली होती...

तिनं हळूच बाजूला पाहिलं. राजश्रीचं हसू ओठांवरच थिजलं होतं. तिची नजर लेकीच्या चेहऱ्यावर नव्हती. ती गळ्याशी खिळली होती.

"घरी चला," राजश्री एवढंच म्हणाली.

घरी येताच लतानं आपल्या चार साड्या पिशवीत भरल्या. मृण्मयी तिच्या कमरेला मिठी मारून रडायला लागली. "आई, काकूला काही बोलू नको! मीच..."

"तू गप," लता म्हणाली, आणि राजश्रीसमोर जाऊन उभी राहिली. "अक्का, शपथ मी मोडली. अपशकुन लागायचा तर मला लागू दे. लेकरानं काही केलेलं न्हाई. संध्याकाळची गाडी हाय, मी निघते."

राजश्रीनं ऐकलंच नाही. ती खाटेखाली वाकली, दोन्ही हातांनी ओढून तिनं ती पोचे पडलेली पेटी बाहेर काढली, आणि झाकण उघडलं. तळाशी तांबडा पदर होता. तिनं तो उचलला, तोंडाशी धरला, आणि इतक्या वर्षांत लतानं कधी ऐकला नव्हता असा आवाज तिच्या घशातून निघाला.

"मी या घरात आले तेव्हा श्रीनाथ चौथीत होता गं!... त्याला न्हाऊ घातलं मी, भाकरी कुस्करून भरवली मी. त्याची ही नवरी मी शोधली, तिची साडी मी निवडली... अपशकुन कसला घेऊन बसलीस! मला बघवत नव्हती ही पेटी. तू समोर आलीस की तोच दिसायचा. म्हणून तुझ्याकडं बघितलंच न्हाई मी, लता. माझं दुःख झाकायला तुझ्यावर धोंडा ठेवला!"

"अक्का..."

"आज चौकात वर बघितलं," राजश्री हुंदक्यात म्हणाली, "आन् वाटलं, माझा श्रीनाथ लेकीच्या गळ्याशी येऊन बसलाय. सगळं लातूर मान वर करून त्याला बघायलंय! मला या पेटीत नुसतं मरण दिसायचं. तू त्यातनं माझी लेक उभी केलीस. कसं सुचलं गं तुला? कुठून आणलंस एवढं काळीज?"

दोघी पेटीच्या दोन बाजूंना बसून एकाच पदरात तोंड खुपसून रडल्या आणि दारात उभे माधवराव चष्मा पुसत राहिले. गाडीची वेळ कधी टळली ते कुणाला कळलं नाही.

क्लासनं ठेवलेल्या मृण्मयीच्या सत्काराच्या दिवशी लता नेहमीची राखी साडी नेसायला लागली, तशी राजश्रीनं तिचा हात धरला.

"थांब. कपाटात हाय त्यातनंच मेळ घालायचा, असं पोरींना शिकवतेस न्हवं? आज मी घालते."

तिनं राखी साडीच्या पदरावर तो तांबडा रेशमी पदर स्वतःच्या हातानं टाचला. टाके वेडेवाकडे पडले. मग आपलं कपाट उघडून, बराच वेळ धुंडाळून, तिनं स्वतःचं ठेवणीतलं ब्लाउज काढलं आणि मोठ्या अभिमानानं लतापुढं धरलं. रंग राणी. खांद्यांत चांगलं दोन बोटं सैल.

लतानं ते मुकाट घातलं आणि आरशासमोर उभी राहिली. तांबड्याशेजारी राणी! मृण्मयीनं तोंड उघडलं, "काकू, अगं हे दोन रंग तर..." आरशातूनच लतानं तिला डोळ्यांनी गप्प केलं.

"बरं दिसतंय का गं?" राजश्रीनं विचारलं. ती लताच्या मागं उभी राहून पदर सारखा करत होती, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे डोळे भरून बघत होती.

लता आरशातल्या त्या दोन भांडखोर रंगांकडे बघत राहिली, बघतच राहिली. तिच्या हातून आजवर असा मेळ कधी जमला नव्हता.

"लई छान दिसतंय, अक्का," ती म्हणाली. "चला, उशीर होईल."