खातीपुऱ्यातलं जहाज

मोबाईल पालथे ठेवा आधी. मिहीर, तुला वेगळं सांगायचं का? आणि दात काढू नकोस. तुम्हीच मला विचारलंत, "बळवंतकाका, दिवस मावळल्यावर तुम्ही खातीपुऱ्याला का जात नाही?" आता ऐकायचं. मधे उठून चहा करायचा नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. विट्याहून चौदाव्या वर्षी इथं जयपूरला आलो, जौहरी बाजारात सोनं गाळायला. बावन्न वर्षं भट्टीपुढं बसलो. मला खोटं रचता येत नाही, तेवढी अक्कलच नाही.

दोन ऑक्टोबर, दोन हजार चोवीस. बुधवार. सर्वपित्री अमावस्या. सकाळी मी काळे तीळ आणि दर्भ घेऊन दिनकररावांकडं निघालो. हे दिनकरराव आमच्याच भागातले. रेल्वेत गार्ड होते, रिटायर होऊन खातीपुरा स्टेशनजवळ घर बांधलं. वय चौऱ्याऐंशी. खुब्याचं हाड मोडून आठ महिने खाटेवर. मुलगा मुकुंद कंप्युटरवाला, सून विनया. मुकुंद इथंच वाढलेला. दारातच मला म्हणतो, "काका, दर्भ मतलब घास?"

"हो, घास. खातोस का?" म्हटलं.

आत दिनकरराव हसले. शेवटचे हसलेले मी पाहिले ते तेव्हा.

काम काय होतं ते सांगतो. त्यांचे वडील ज्ञानोबा, इंग्रजांच्या पलटणीत. दिनकरराव दीड वर्षाचे असताना ते बोटीनं सिंगापूरला गेले. तिथं जपान्यांनी पकडले, आणि मग काही पत्ताच नाही. मेल्याची तार आली नाही म्हणून आईनं शेवटपर्यंत कुंकू लावलं. घरात श्राद्धाचं नाव काढू दिलं नाही. "जित्या माणसाला पाणी देतोस का रे?" म्हणायची. ती गेली. दिनकररावांनी तिचा शब्द पाळला. साठ वर्षं पितृपक्ष आला की हा माणूस आईला तेवढं पाणी द्यायचा आणि बापाच्या नावाला गप्प बसायचा.

त्या जूनमधे मुकुंदनं कंप्युटरवर शोधून काढलं. ज्ञानोबांना ज्यावर चढवलं, ते मालाचं जहाज होतं. जपान्यांचं. मिनेकावा मारू की काहीतरी. लढाईच्या आधी कोळसा आणि लाकूड वाहायचं. लढाईत सरकारनं ओढून घेतलं. जाताना तांदूळ, येताना माणसं. कैद्यांना मालाच्या कप्प्यात कोंबायचे, वर फळ्या, फळ्यांवर ताडपत्री, ताडपत्रीवर दोर. पाचशे माणूस. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी अमेरिकन पाणबुडीनं फोडलं. पाणबुडीवाल्यांना काय ठाऊक, पोटात कोण आहे. जहाजावरचा एक जपानी खलाशी वाचला होता. त्यानं पुढं लिहून दिलं, की आम्ही होडीत बसून दूर गेलो तरी खालून ठोकल्याचा आवाज येत होता. झाकण कुणी काढलं नाही. यादीत नाव होतं. ज्ञानोबा, गाव, जिल्हा, सगळं.

दिनकररावांनी ते मुकुंदकडून तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "मला बापाला पाणी द्यायचंय. मी मरायच्या आत. एकदा."

एवढंच मागणं होतं त्या माणसाचं.

त्यांना खुर्चीत बसवून अंगणात आणलं. कराडचे गुरुजी फोनवर मंत्र सांगत होते. दिनकररावांचा हात मुकुंदनं खालून धरला. अंगठ्याजवळून पाणी सोडलं, तीळ सोडले. ज्ञानोबा म्हणून नाव घेतलं. ताम्हण भरलं. गुरुजी म्हणाले, हे वाहत्या पाण्यात सोडा. आता जयपुरात वाहतं पाणी कुठनं आणू? मुकुंद गाडी काढायला निघाला. दिनकरराव म्हणाले, "मला पण न्या." त्यांना गाडीत घालायचं म्हणजे हाडाचं पुन्हा वाटोळं.

तेव्हा मी बोललो. मीच. "अहो, घरात हौद आहे की. बारा हजार लिटरचा. तेही पाणीच."

हौद अंगणातच, जमिनीखाली. टँकरचं पाणी, वापरायचं. वर लोखंडी झाकण. झाकण उघडलं, दिनकररावांनी स्वतःच्या हातानं ताम्हण उपडं केलं. मग माकडं येतात म्हणून मुकुंदनं झाकण लावून कुलूप घातलं, रोजच्यासारखं.

झाडाच्या बुडाशी ओतलं असतं तरी चाललं असतं. तुळशीत ओतलं असतं. माणूस जसा मेला, तसंच आम्ही त्याला… काळं पाणी, वर झाकण, आणि कुलूप.

मिहीर म्हणतोय, "मतलब, तुम्ही त्यांना परत बंद केलं?"

गप बस.

संध्याकाळी मी घरी आलो. पुढचं विनयानं सांगितलेलं. मुकुंद त्याविषयी बोलत नाही.

रात्री ठोकल्याचा आवाज आला. विनयाला वाटलं, फाटकावर कुणी आहे. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. ती व्हरांड्यात आली. फाटकावर कुणी नव्हतं.

ठक. ठक. ठक.

खालून.

मुकुंद मोबाईलचा उजेड घेऊन अंगणात गेला. हौदाचं झाकण थरथरत होतं. त्याला वाटलं, मांजर पडलं असेल. असं वाटून घ्यायचं असतं माणसाला. किल्ली लावली. कुलूप सुटलं. कडी निघाली. झाकण उचलायला गेला…

उचलेना.

रोज विनया एका हातानं उचलायची ते झाकण. दोघांनी जोर लावला. मुकुंदनं पहार आणली, फटीत घातली, तिच्यावर सगळा भार टाकला. पहार वाकली. वरून समुद्र बसल्यासारखं.

आणि आता आतून ठोकणारा एक हात नव्हता. पुष्कळ हात होते. नाव एकाचं घेतलं होतं, पण कप्प्यात पाचशे होते ना…

घरातून दिनकररावांची हाक आली. "मुकुंदा, झाकण काढ."

"काढतोय, बाबा."

"काढ रे. माझा बाप आहे आत."

"बाबा, निघत नाही!"

"तो एवढ्या जवळ आलाय… काढ…"

मुकुंद झाकणावर पालथा पडला आणि बुक्क्या मारायला लागला. आतून बुक्क्या, वरून बुक्क्या. विनया म्हणते, काका, मला कळेना कोण आत आहे आणि कोण बाहेर. शेजारी एक खिडकी उघडली नाही. एक कुत्रं भुंकलं नाही.

मग आवाज कमी झाले.

थोडे.

मग एकच राहिला.

ठक…

खूप वेळानं, ठक…

मुकुंद झाकणाला कान लावून बसला होता. रडत होता, पण आवाज न करता.

मग तोही थांबला.

आणि झाकण बोटानं उचललं गेलं. सहज. आत पाणी. शांत. वर काळे तीळ तरंगताहेत. बाकी काही नाही.

आत येऊन बघतात तर दिनकरराव गेले होते. डोळे दाराकडं.

मला पहाटे साडेचारला फोन आला. अंधारातच पोचलो. डॉक्टर येऊन गेला होता, वय झालं म्हणाला. मी मुकुंदजवळ बसलो. हौदाचं मीच सुचवलं होतं. तो मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

उजाडलं तेव्हा विनयानं मला हाक मारली. "काका, इकडं या. बोलू नका."

फरशीवर पावलं होती. काळ्या तेलाची, इंजिनाच्या तेलाचा वास. हौदापासून व्हरांडा, व्हरांड्यातून दिनकररावांची खाट. अनवाणी, मोठ्या माणसाची, एकट्याची. रात्रभर हे दोघं त्याच अंगणात होते. दोघांनी कुणाला पाहिलं नाही.

खाटेपासून पावलं परत निघाली होती. बाहेर, फाटकापर्यंत. डॉक्टर येईपर्यंत त्या फाटकाला आतून कुलूप होतं.

पण परतताना ती दोघांची होती. मोठ्या पावलाच्या शेजारी, एका बाजूला, दुसरी. नीट न टाकलेली, मधेच अडखळलेली. चालायला नुकतंच शिकलेल्या पोराची.

ही माझी चार बोटं बघा. एवढी.