पाचव्याचा डबा

देवळातलं गाऱ्हाणं आटोपून पाचही जण चारुदत्त गुरुजींच्या अंगणात आले, तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. दोन दिवसांनी ती पोरं किरगिझस्तानात शिखर चढायला निघणार होती. गुरुजींचा मुलगा अपूर्व दोन वर्षांपूर्वी अशाच एका मोहिमेत नेपाळातल्या बर्फात कायमचा राहिला होता. त्यामुळे या घरावरून तसंच पुढे जाणं बरं दिसलं नसतं. पाया पडायचं आणि निघायचं, एवढंच ठरलं होतं.

"रावजी गुरवानं काय मागितलं देवाकडे?" गुरुजींनी विचारलं.

"पाच जातायत, पाच परत आण," अवनी म्हणाली. ती त्या पोरांची म्होरकी. "आम्ही आपलं 'व्हय म्हाराजा' म्हटलं."

"आपलं म्हटलं." गुरुजींनी पानाचा डबा बाजूला सारला. "बसा. विनीतचं सांगतो. अपूर्वच्या ग्रुपचा लीडर."

"गुरुजी, भुताबिताचं नको हां," वरद म्हणाला. "आम्हांला आरे-वारेच्या सुनसान रस्त्यावरून जायचंय."

"मग शेवटपर्यंत ऐक. तोवर उजाडेल."

पोरं हसली. गुरुजी हसले नाहीत.

एकोणीस मे, दोन हजार तेवीस. शुक्रवार, अमावास्या. विनीत संध्याकाळी रत्नागिरीहून मोटारसायकलवर निघाला, तो दोन साधी कामं घेऊन. एक, अपूर्वच्या आईचा स्टीलचा डबा परत करायचा. त्यातून तिनं मोहिमेवर जाताना आंब्याची साठं दिली होती, उन्हात वाळवलेल्या रसाच्या पोळ्या. दुसरं, वाटेत सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या देवळात थांबून गाऱ्हाणं उतरवायचं. पाच परत आण म्हणून देवाला घातलं होतं आणि आले चार. अशा वेळी म्होरक्यानं देवासमोर उभं राहून पाचवा कसा राहिला ते खरं सांगायचं असतं. मग गुरव देवाला त्या शब्दातून मोकळा करतो. नाही सांगितलं, तर देव आपला राहिलेल्याला शोधत बसतो.

रावजी म्हणाला, "बोल बाबा. झालं तसं बोल. पोलिसापुढं नायस तू."

विनीत बोलला. कडा कोसळला, अपूर्व गाडला गेला, हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. चौघांनी काठमांडूत हॉटेलच्या खोलीत बसून ठरवलेलं होतं ते. सरकारी कागदांवर, वर्तमानपत्रात, अपूर्वच्या आईपुढे, सगळीकडे सांगून झालेलं. आता जिभेवर बसलं होतं.

रावजीनं नारळ फोडला. नासका निघाला. कुबट पाणी त्याच्या कोपरांपर्यंत ओघळलं.

"विनीत, परत बोल."

"सांगितलं ना एकदा!"

झालं होतं ते असं. शिखर दोन तासांवर असताना अपूर्वच्या खोकल्यातून गुलाबी फेस यायला लागला. याला आत्ताच्या आत्ता खाली न्यायला हवं, हे चौघांनाही ठाऊक होतं. पण नेणार कोण? जो नेईल त्याचं शिखर गेलं. वाटाड्या पाय मुरगळून तळावरच राहिलेला. "तासाभरात आलोच," म्हणून त्यांनी अपूर्वला एका दगडाच्या आडोशाला बसवला. त्याच्या सॅकमधला साठांचा डबा तेवढा काढून घेतला. वर गेल्यावर झेंडा धरला, फोटो काढले. साठं खाल्ली. बोटं चाटली.

हे गुरुजी अशा आवाजात सांगत होते, जसं कुणी यंदाच्या मोहराबद्दल सांगावं.

उतरताना अपूर्व जिवंत होता. त्यानं विनीतची विजार धरली आणि तोंडाचा आ केला. त्याचा पुढचा दात लहानपणी कातळावर पडून अर्धा तुटला होता, तो दिसला. पाणी हवं होतं, की साठ, कोण जाणे. ढग भरून येत होते. विनीतनं त्याची काळी पडलेली बोटं एकेक करून सोडवली...

तर, देवळातून विनीत निघाला. नऊ वीस. हे घर खाली खाडीच्या अंगाला, मध्ये तीन किलोमीटर नुसता सडा. ना झाड, ना दिवा. डबा पाठीवरच्या सॅकमध्ये, साबणानं तीनदा घासलेला. रिकामा.

उतार लागायच्या आधी एक रायवळ आंबा आहे. त्याच्याखाली पडलेली फळं चाकाखाली चिरडली. आंबूस वास आला. झाड मागे पडलं.

वास मागे पडला नाही.

ओल्या लोकरीचा वास. आणि त्याच्या आत काहीतरी गोड. नासलेलं.

गाडी मागून दबली.

पाठ गार पडली. मे महिना. अंगातून घाम निघतोय, आणि पाठ गार. मग पोटावर एक हात आला. शर्ट भिजला. बोटं मोजता येत होती. कडक. एकेक वेगळं.

कानाशी आवाज.

चघळण्याचा.

हळू. चिकट. मिटक्या मारत.

मध्येच खोकला. विनीतच्या मानेवर काहीतरी उडालं. कोमट. पुसायला हात उचलेना.

"अपूर्व...?"

चघळणं थांबलं.

...

परत सुरू झालं.

घराच्या पायरीशी गाडी हलकी झाली. ओटीवर अपूर्वची आई, मालिनी, उभी होती. तिनं डबा हातात घेतला. "इतका गार कसा रे?" म्हणाली. झाकण काढलं.

आत साठाचा एक तुकडा होता. चावलेला. थुंकीनं ओला. कडेला बुडबुडे अजून विरले नव्हते. चाव्याच्या मधोमध अर्ध्या दाताएवढं टोक न चावता राहिलेलं.

"सगळं नाही खाल्लंन," मालिनी म्हणाली. "माझ्यासाठी ठेवलंन."

तिनं कोपरा मोडून तोंडात टाकला. दुसरा विनीतपुढे धरला. "घे. तुम्हीही उपाशीच असाल ना रे वरती?"

विनीतनं घेतला. गिळला.

मग याच पायरीवर बसून ओकत ओकत त्यानं सगळं सांगितलं. अपूर्वचा बाप दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं त्या पोराला चूळ भरायला पाणीसुद्धा दिलं नाही.

गुरुजी थांबले. वरदनं पायरीवरचे पाय हळूच वर घेतले.

"मग... गाऱ्हाणं उतरवलं ना?" अवनीनं विचारलं.

"विनीत तयार होता. सकाळी जाऊन खरं सांगतो म्हणाला. हिनं जाऊ दिलं नाही. म्हणाली, देव आणतोय तर आणू दे." गुरुजींनी आत पाहिलं. "मी काही बोललो नाही. तिच्यापुढे काय बोलायचं? पण घरात तो वास असतो. जेवताना असतो. दोन वर्षं मला रस जात नाही."

आत भांडं वाजलं.

मालिनीताई बाहेर आल्या, हसऱ्या चेहऱ्यानं. हातात स्टीलचा डबा होता. बाहेरून थेंब धरलेले.

"असेच कसे निघालात? तोंडात काहीतरी टाका. आजच सुटलीत ताटातून."

त्यांनी झाकण काढलं आणि डबा अवनीपुढे धरला. साठांची चळत होती, पिवळीधमक. सगळ्यांत वरच्या पोळीचा एक घास नव्हता. दातांचे ठसे ताजे होते, आणि मधोमध अर्ध्या दाताएवढं टोक.

"वरचं राहू दे हो," मालिनीताई म्हणाल्या. "ते उष्टं आहे. खालचं घे."